सर, मशीन सगळ्यात शेवटी घ्या

पलूस तालुक्यातून एका माध्यमिक शिक्षकांचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात सांगतो. घरामागं गोठा, गोठ्याला लागून १० बाय १२ चं पत्र्याचं शेड, घरच्या मीटरपासून साधारण ६० फुटांवर. दीड एकर द्राक्षबाग. मंडपाचे अँगल, गेट, ट्रॉलीची मोडतोड, प्रत्येक वेळी गावातल्या वेल्डरच्या मागं लागावं लागतं म्हणून आता स्वतःच शिकायचं ठरवलंय, आणि ७ वर्षांच्या मुलीसाठी स्वतःच्या हातानं लोखंडी खाट करायचीय. बजेट २५ हजार. ऑनलाईन एक ऑफर बघून ठेवलीय, २५० अँपिअरचं वेल्डिंग मशीन, सोबत ४६ टूल्सची पेटी आणि एक काळा गॉगल फ्री. मेहुणे म्हणतात घ्यायचं तर मिगच घ्या, म्हणजे तार आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन. वडील किर्लोस्करवाडीला फिटर होते, त्यांचा जुना व्हाईस, म्हणजे लोखंड घट्ट पकडायचा शिकंजा, आणि कानशींचा डबा माळ्यावर पडलाय, तो भंगारात घालून नवीन घेऊ का, असंही विचारलंय. आणि शेवटचा प्रश्न, मशीन ऑनलाईन घेऊ की दुकानातून.

सर, नमस्कार. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, २२ वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत माझ्याकडं सल्ला विचारायला आलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न मशीनचाच विचारतो, कुठली कंपनी, किती अँपिअर. तुम्हीही तेच केलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की खरेदीचा क्रम उलटा करा. आधी लाईट, मग डोळे, मग पकडून ठेवायची साधनं, मग ग्राइंडर, आणि सगळ्यात शेवटी मशीन. २५ हजारांत सगळं बसतं, पण याच क्रमानं गेलात तर. मशीन आधी घेतलंत की पैसे संपतात आणि मग माणूस घरातल्या सॉकेटला लांब वायर जोडून, फुकटातला गॉगल लावून कामाला बसतो. असे लोक मी बघितलेत.

आधी तो गॉगल. तो आला तरी आर्क वेल्डिंगला, म्हणजे रॉडच्या टोकाशी विजेचा लखलखाट पेटवून लोखंड जोडायच्या कामाला, वापरू नका. तसले गोल काळे गॉगल गॅस कटिंगसाठी असतात, त्यांची काच साधारण ५ नंबरची. आर्कला १० किंवा ११ नंबरची काच लागते, आणि तीसुद्धा पूर्ण तोंड झाकणाऱ्या शील्डमध्ये, कारण नुसते डोळे नाही तर तोंड आणि गळ्याची कातडीपण भाजते, उन्हानं सोलवटते तशीच. रस्त्याकडेला साधा उन्हाचा गॉगल लावून वेल्डिंग करणारी पोरं दिसतात, त्यांचं बघून काही शिकू नका.

माझंच सांगतो. १९ वर्षांचा होतो, दुसऱ्याच्या शॉपमध्ये हेल्पर. माझं काम काय तर पाईप धरायचा आणि मिस्त्रींनी टाका, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका, मारला की तोंड फिरवायचं. दिवसभर तोंड फिरवलं, वाटलं जमलं. रात्री जेवून झोपलो आणि दोनच्या सुमारास जागा झालो, दोन्ही डोळ्यांत कुणीतरी मूठमूठ वाळू भरल्यासारखं, पापणी उघडवत नाही, मिटवत नाही, नुसतं पाणी वाहतंय. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, आमच्या लाईनीत सगळे तेच करतात, गार वाटतं तेवढंच. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो, बुबुळाच्या वरच्या पडद्याला भाजल्यासारखं झालंय म्हणाले, एक-दोन दिवसांत उतरेल, आणि उतरलंही. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की आर्क बघितल्यावर लगेच काहीच होत नाही, सहा-आठ तासांनी होतं, म्हणून तर माणूस फसतो. आणि असं झालंच तर मेडिकलमधून बधिर करणारे ड्रॉप्स आणून परत परत घालू नका, त्यानं जखम भरायला उशीर होतो, डॉक्टरलाच दाखवा.

म्हणून तुम्हाला ऑटो डार्कनिंग हेल्मेट सांगतोय, दीड ते अडीच हजारात बरं मिळतं. शिकणाऱ्याला याचा फायदा जास्त, कारण साध्या काळ्या काचेतून आर्क पेटायच्या आधी काहीच दिसत नाही, रॉड कुठं टेकतोय ते कळत नाही, मग माणूस शील्ड वर करून रॉड टेकवतो आणि तिथंच आर्क लागते. ऑटोमध्ये काच उजळ असते आणि आर्क पेटली की लगेच काळी होते. बऱ्या काचेत एक गोष्ट असते, ती काळी झाली नाही तरी त्यातलं फिल्टर अतिनील किरण अडवतच असतं. सेन्सर चार असलेलं घ्या, दोनवालं कधी हाताआड किंवा पाईपआड झाकलं जातं. कित्येक दिवस कपाटात पडून असेल तर वापरायच्या आधी थोडा वेळ उजेडात ठेवा.

आणि मुलगी. पत्रात तुम्ही सहज लिहिलंय की ती दारात उभं राहून बघत असते. सर, ही ओळ वाचून मी थांबलो. तुम्हाला हेल्मेट आहे, तिला नाही. आर्कचा उजेड पांढऱ्या भिंतीवरून, नव्या पत्र्यावरूनसुद्धा उलटून येतो. दाराला जाड गोणपाटाचा किंवा जुन्या ताडपत्रीचा पडदा लावा, खालपर्यंत, आणि आतल्या बाजूनं भिंतीला चकाकी नसलेला गडद रंग द्या. पडदा ओढल्याशिवाय रॉड होल्डरला लावायचा नाही, हा घरातला नियमच करा. तिला बघायचंच असेल तर तिलापण पूर्ण शील्ड आणून द्या, ११ नंबरच्या काचेची हातात धरायची साधी शील्ड अगदी थोड्या पैशांत मिळते, आणि लांब उभं करा.

गोठ्याला लागून शेड आहे म्हणताय, म्हणजे कडबा जवळ असणार. ग्राइंडरची ठिणगी ३०-३५ फूट सहज जाते आणि कडब्याच्या गंजीत पडली तर दिसत नाही, आत धुमसत राहते आणि तुम्ही जेवायला बसल्यावर पेटते. गंजी हलवा, ते जमत नसेल तर वेल्डिंगची जागा हलवा. एक बादली वाळू, एक बादली पाणी कायम भरलेली, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथंच रेंगाळा, झाडलोट करा, हत्यारं पुसा.

आता लाईट. २.५ एमएमचा रॉड, ज्याला दुकानात १२ नंबर म्हणतात, तो ८० अँपिअरच्या आसपास चालतो आणि तेव्हा मशीन घरच्या लाईनवरून १४-१५ अँपिअर ओढतं. ३.१५ एमएमचा, म्हणजे १० नंबर, तो १२० वर चालवलात की लाईनवरून २० च्या वर जातं. तुमचं घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं. म्हणजे बारीक रॉडवर कसंबसं निभावेल, जाड रॉड लावला की प्लग पिवळा पडायला लागेल, मग काळा. म्हणून मीटरपासून शेडपर्यंत वेगळी लाईन ओढा, ६ स्क्वेअर एमएम कॉपर वायर, ३२ अँपिअरचा सी टाईप एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की लाईन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, आणि इंडस्ट्रियल प्लग सॉकेट. अर्थिंग नीट तपासून घ्या. इथं एक घोटाळा कायम होतो, वेल्डिंगच्या ज्या क्लॅम्पला आपण अर्थ म्हणतो तो खरा अर्थ नाही, तो करंट परत जायचा रस्ता आहे, मशीनच्या बॉडीचा अर्थ वेगळा आणि तो पाहिजेच. वायरमन लायसन्सवालाच बोलवा आणि महावितरणकडं तुमचा मंजूर लोड किती आहे ते बघून वाढवून घ्या. बागेच्या मोटरच्या लाईनवर मशीन जोडायचा विचार असेल तर सोडून द्या, ते कनेक्शन पंपापुरतं दिलेलं असतं. या सगळ्याला ६-७ हजार जातील. जीवावर येईल, कारण दाखवायला काहीच दिसत नाही भिंतीवर, पण जाऊ द्या.

पावसाळ्याचं पण इथंच सांगतो. आर्क पेटलेली नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला जाणवत नाहीत, घामानं भिजलेल्या ग्लोव्हजमध्ये आणि ओल्या जमिनीवर उभं असताना जाणवतात आणि जीवसुद्धा जाऊ शकतो. पायाखाली कोरडी फळी किंवा रबर मॅट, ग्लोव्हजच्या दोन जोड्या, एक वाळत एक हातात. कपडे सुती, पायात चामड्याचे बूट. नायलॉन, टेरिकॉट घालून वेल्डिंगला बसू नका, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं.

वडिलांचा व्हाईस. अजिबात भंगारात घालू नका. फिटर माणसानं सांभाळलेला व्हाईस आहे, आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त व्हाईसपेक्षा वजनालाच जास्त भरेल. माळ्यावरून उतरवा, स्क्रू पूर्ण बाहेर काढा, रॉकेल किंवा डिझेल लावून तारेच्या ब्रशनं आटे घासा, जुनं घट्ट झालेलं ग्रीस निघून येईल, मग नवीन ग्रीस लावून परत बसवा. जबड्याच्या दोन पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या असतात, त्यांचे दाते गुळगुळीत झाले असतील तर फक्त त्या बदला. तडा गेलाय का ते बघायला बारक्या हातोडीनं हलकंच वाजवा, घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर नीट उजेडात तपासा. आणि बसवताना हलणाऱ्या टेबलावर नाही, जाड फळीवर किंवा जमिनीत रोवलेल्या खांबावर, आरपार बोल्टनं. उंची अशी की तुम्ही शेजारी उभं राहिलात तर जबडा तुमच्या कोपराच्या उंचीला येईल.

कानशींचा डबापण उघडा. गंज वरवरचा असेल तर ब्रशनं निघतो, बोटाच्या नखावर अलगद ओढून बघा, दाता नखाला धरतोय तोवर कानस जिवंत आहे. वापरायच्या आधी कानशीवर खडू घासा, तुमच्याकडं खडूला काय तोटा, मग किस दात्यांत अडकत नाही. आणि पुढं ढकलताना दाब द्यायचा, मागं घेताना उचलायची, दोन्हीकडं घासत बसलं की दाते मरतात. वडिलांनी नक्की तसंच केलं असेल, म्हणून तर त्या अजून शिल्लक आहेत.

बाकी हँड टूल्स फार नाहीत. ४६ टूल्सच्या पेटीत तुमच्या कामाची आठ-दहा असतील, बाकी मऊ लोखंड, पान्याचा जबडा पहिल्याच घट्ट नटाला फाकतो आणि बोटाची सालटी निघतात. त्यापेक्षा सुटं घ्या. दुमुखी पान्यांचा एक सेट आणि एक पकड, टपारियाचं घेतलंत तर नाशिकचं काम आहे, वर्षानुवर्षं टिकतं. हॅक्सॉ फ्रेम आणि ब्लेड, पातळ पाईपला २४ दात्यांचं आणि जाड अँगलला १८ चं. अर्धा किलोची हातोडी, वेल्डवरचं कवच, म्हणजे स्लॅग, काढायला चिपिंग हातोडी, सेंटर पंच, ५ मीटर टेप, १२ इंची गुण्या. आणि सी क्लॅम्प, यात कंजूषी नको, ६ इंची चार आणि १० इंची दोन तरी. वेल्ड गार होताना ओढतो, काटकोनात ठेवलेला पाईप तुमच्या डोळ्यांदेखत वाकडा होतो, आणि दोन हातांत होल्डर नि शील्ड असताना तिसरा हात क्लॅम्पचाच. गेट करताना चारी कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारा, मग दोन्ही कर्ण मोजा, दोन एमएमचा जरी फरक असला तरी हातोडीनं सरळ करून घ्या, मगच पूर्ण वेल्ड, आणि तोही एक कोपरा झाला की समोरचा, ओळीनं नाही.

ग्राइंडर ४ इंची घ्या, ६००-७०० वॅटचा, चांगल्या कंपनीचा. बटण दाबून धरल्यावरच चालणारा मिळाला तर तोच, हातातून सुटला की बंद होतो. आता डिस्क. डिस्कच्या मधल्या भोकाला जी पत्र्याची रिंग असते ती उजेडात धरून वाचा, बारीक अक्षरात महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ती तिची मुदत. दुकानदार मुदत संपलेली डिस्क स्वस्तात देतात आणि आपल्याला वाटतं दगडच तो, त्याला काय होतंय. तो दगड राळेनं बांधलेला असतो, राळ जुनी झाली, दमट झाली की डिस्क फुटते. ४ इंची डिस्क मिनिटाला १५,३०० फेऱ्यांपर्यंत चालेल अशी केलेली असते, ५ इंची १२,२०० पर्यंतच, म्हणून गार्ड काढून ४ इंची ग्राइंडरला ५ इंची डिस्क लावणं हा सगळ्यात वाईट प्रकार. माझ्या शेजारच्या शॉपमध्ये असंच गार्ड काढलेलं होतं, डिस्कचा तुकडा पोराच्या गालात घुसला, बारा टाके पडले, डोळा वाचला तो बोटभर अंतरानं. गार्ड काढायचा नाही, लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावायचं नाही, पातळ कटिंग डिस्कनं बाजूनं घासायचं नाही. साधा पारदर्शक सेफ्टी गॉगल यासाठी वेगळा, हेल्मेट वेगळं.

मग मशीन. सिंगल फेज इन्व्हर्टर आर्क मशीन, म्हणजे साध्या रॉडवर चालणारं, २०० अँपिअर, एवढं पुरे. २५० चा आकडा बॉक्सवर छापायला पैसे लागत नाहीत. मागच्या नेम प्लेटवर बघा, ड्युटी सायकल लिहिलेली असते, २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं सलग चालेल, चार मिनिटं विश्रांती. तुम्ही ८० ते १२० वर चालवणार, म्हणजे मशीनला भरपूर दम राहतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून किती कमी व्होल्टवर चालतं तेही प्लेटवर बघा. सोबतच्या केबलचं टोक चाकूनं खरवडा, आतून पांढरं निघालं तर वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, तसली केबल गरम होते.

मेहुण्यांचं मिग वाईट नाही, पातळ पत्र्याला आणि रोज आठ तास चालणाऱ्या शॉपला ते उत्तमच. पण तुमचं अर्धं काम बागेत, उघड्यावर, वाऱ्यात. वारा गॅस उडवून नेतो आणि वेल्डला भोकं पडतात. वर सिलिंडर आणा, भरून घ्या. साध्या रॉडला यातलं काही लागत नाही, थोडासा गंज, थोडा रंग पण खपवून घेतो. ६०१३ या प्रकारचा १२ नंबर रॉड घ्या, खाटेच्या आणि गेटच्या पाईपला तोच. खरेदीला गेल्यावर पाईपची जाडी विचारा, १६ गेज म्हणजे १.६ एमएम, याच्या खाली शिकताना जाऊ नका, भोकं पडतील. रॉड पावसाळ्यात दमट होतो आणि चटचट उडतो, पीव्हीसी पाईपच्या तुकड्याला दोन्हीकडं टोपण लावून त्यात ठेवा.

पैशाचं असं बसतं, आमच्याकडच्या दुकानांच्या भावानं, थोडं पुढंमागं होईल: लाईन ६-७ हजार, हेल्मेट-ग्लोव्हज-एप्रन-मास्क ४, हँड टूल्स आणि क्लॅम्प ४, ग्राइंडर आणि डिस्क ३, मशीन ७ ते ८. व्हाईस घरचा असल्यामुळं हे जमतंय.

आता काय करू नका ते. ट्रॉलीची फळी, पत्रा, साखळीचा कडा खुशाल जोडा, पण ट्रॉलीचा हूक, दांडी, ॲक्सल स्वतः वेल्ड करू नका, निदान दोन-तीन वर्षं. वरून झकास दिसणारा वेल्ड आत धरलेला नसतो आणि उसाची नाहीतर माणसांची ट्रॉली उतारावर सुटली तर पुढं काय होतं ते मी सांगायला नको. डिझेलचा, पेट्रोलचा, औषधाचा रिकामा बॅरल पण नाही, धुतलेला असला तरी नाही, आत राहिलेली वाफ फुटते. आणि मंडपाचे अँगल गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, असतील तर जोडाच्या दोन्हीकडं दोन-दोन इंच जस्त ग्राइंडरनं आधी काढा, मास्क लावून, उघड्यावर, वारा बाजूनं घेऊन. त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो. वेल्डर लोक त्यावर दूध पितात, दुधानं काही होत नाही, धूरच घ्यायचा नाही.

शिकायचं म्हणाल तर तुम्हाला रविवार मोकळा. ज्या वेल्डरच्या मागं लागत होता त्याच्याकडंच चार रविवार जाऊन बसा, त्याला सांगा मला फक्त भंगारातल्या पट्टीवर रॉड चालवू द्या, रॉडचे पैसे मी देतो. पाच किलो रॉड नुसता सरळ रेघा मारण्यात जाळा. रॉडचं टोक लोखंडापासून रॉडच्या जाडीएवढंच वर, थोडा कललेला, आणि कान आर्ककडं, एकसारखी चुरचुर आली की हात बसला, फटफट आली की अंतर वाढलंय. पहिलं काम गेट नाही, स्वतःचं वेल्डिंग टेबल करा, वाकडं झालं तरी चालतं. खाट सगळ्यात शेवटी, आणि तिचा प्रत्येक कोपरा वडिलांच्या कानशीनं गोल करा, पाईपच्या तोंडाला पत्रा बसवून बंद करा, म्हणजे मुलीचं बोट कुठं कापणार नाही.

राहिला ऑनलाईनचा प्रश्न. क्लॅम्प, गुण्या, हेल्मेट ऑनलाईन घ्या, काही बिघडत नाही. मशीन मात्र सांगली नाहीतर कोल्हापूरच्या अशा दुकानातून घ्या जिथं रिपेअरिंग तिथंच होतं, आधी ते विचारा, मशीनमधलं कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, बदलायला किती दिवस लागतात ते विचारा. जाताना १२ नंबरचे चार रॉड आणि एक पट्टी पिशवीत टाकून न्या, येत असतील तर त्या वेल्डरदादांनाही सोबत घ्या. दुकानातच मशीन जोडायला लावा, ८० अँपिअरवर ठेवून दोन रॉड सलग पूर्ण जाळून बघा, मध्ये चिकटलं किंवा आर्क तुटली तर दुसरं मशीन काढायला सांगा, आणि बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या.